मधल्या जागेतली चाल

कुणी कव्हर व्हर्जन लावलं की मी आधी पर्स चाचपते. सगळ्यांच्या तोंडात बसलेलं एखादं जुनं गाणं कुणीतरी गिटार घेऊन, डोळे मिटून, दुप्पट संथ म्हणत असतं. आमच्या ऑफिसातली पोरंपोरी मोबाईल टेबलावर आडवा ठेवतात आणि माना डोलवतात. मला मात्र वाटत राहतं, इथं कुणाच्या तरी घरातून काहीतरी उचललं जातंय. काय उचललं, कुणाचं उचललं, हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही.

यंदा होळीच्या आधीच पडेगावच्या रस्त्याला टँकर सुरू झाले. आमच्या गल्लीत वळायला जागा नाही, म्हणून टँकर उलटा आत येतो आणि उलटा येताना वाजतो. सिनेमातलं एक जुनं गाणं, पिपाणीच्या आवाजात, दोनच ओळी, पुन्हा पुन्हा. याहून स्वस्त कव्हर जगात नसेल. ते वाजलं की बाया पाईप घेऊन पळतात, निळे ड्रम फरफटत येतात, आणि धुळीत ओल्या रबराचा वास पसरतो.

तो वास आला की मला तो जुना उन्हाळा आठवतो. शहराच्या पाट्यांवर तेव्हा आधीचं नाव होतं. जायकवाडीच्या तळाला भेगा पडल्या होत्या, आणि शहर मात्र दौलताबादच्या रस्त्यानं बाहेर बाहेर सरकतच होतं. त्या उन्हाळ्यात मी एका गाणाऱ्याला छापून चोर ठरवलं. पत्रक माझं, मथळा माझा, शब्दन् शब्द माझा. त्याची शनिवार-रविवारची गाण्याची जागा त्या पत्रकानं गेली. तेवढंच गेलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

माझा हा संशय लहानपणापासूनचा आहे आणि तो फजितीतून आलाय. आमच्या घरात गाणी म्हणजे जयंतीची गाणी. पप्पा वाळूजला कंपनीत कामाला, एरवी शिफ्टच्या बसमध्ये झोपणारे, पण एप्रिल जवळ आला की ढोलकीवर जागे होणारे. त्यांच्याकडं गाण्यांच्या पातळ पुस्तिका होत्या, पिवळा कागद, गंजलेल्या पिना. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर कंसात बारीक अक्षरात छापलेलं असायचं, 'चाल', आणि पुढं कुठल्या तरी सिनेमाच्या गाण्याची पहिली ओळ. मला वाचता येत होतं, पण ती ओळ मी कधी वाचली नाही. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर कोण वाचतं?

सातवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात एका मुलीनं सिनेमातलं गाणं म्हटलं. पदर, पाऊस, प्रेम, सगळा माल. आणि चाल आमची! मी सतरंजीवरून ताडकन उठले. "बाई, हिनं आमचं गाणं चोरलं!" मैदान हसलं. बाई तोंडाला रुमाल लावून हसल्या. घरी येऊन पप्पांना सांगितलं, तर ते इतके हसले की बशीतला चहा सांडला.

"अगं बये, ते आधीचं हाय. आपुन त्याच्यावर बसवलं."

"मग चोर आपण?"

पप्पांचं हसू थांबलं. "चोर कामून? नवी चाल लोकायला शिकवायला आपल्याकडं टाइम कुठाय? ह्या गाण्यापुरता लोकायचा कान आधीच उघडा असतो. तिथून आत जायचं, आपलं म्हणणं ठिवायचं, आन् बाहेर यायचं."

त्यानंतर मला सिनेमाचं संगीत असं उलट्या बाजूनं सापडत गेलं. रेडिओवर गाणं लागलं की त्यातल्या प्रेयसीच्या जागी मला शाळा ऐकू यायची, चंद्राच्या जागी वही. आजही कुणाच्या हळदीत एका गाण्यावर नवरानवरी लाजत नाचायला लागले की माझ्या डोक्यात त्याच चालीवर जयंतीच्या गाण्यातलं 'अर्ज करा, अर्ज करा' सुरू होतं. नकलेतून मुळाकडं जाणारी आमची एक पिढीच आहे, आणि त्याची मला लाज नाही. पण ती सतरंजीवरची फजिती काही जाईना. मी ठरवलं, पुन्हा फसायचं नाही. चाल कानावर आली की आधी तिचा बाप शोधायचा.

त्या दुष्काळाच्या साली मी पाणी समितीत काम करत होते. काम म्हणजे निवेदनं, मोर्चे आणि पत्रकं. पत्रकाचं शास्त्र सोपं असतं. मथळ्यात शत्रू, पहिल्या परिच्छेदात जखम, शेवटी उद्गारचिन्ह. मधे शंका ठेवायला जागाच नसते. ए-फोरच्या अर्ध्या कागदावर शंका बसवायला गेलं तर मागणी बाहेर पडते.

पडेगावचा माळ तेव्हा डोळ्यांदेखत बदलत होता. जिथं मेंढरं बसायची तिथं पांढऱ्या चुन्याच्या रेघा पडल्या, रेघांवर सिमेंटचे खुंट उभे राहिले, आणि एका सकाळी माळाच्या तोंडाशी कमान आली. कमानीवर 'नंदनवन'. आत एक झाड नव्हतं. बोअर तिथं नव्वद फूट, मग शंभर, मग दोनशे, नुसती धूळ वर फेकत. बारदान्याच्या सावलीत प्लॉटवाला बसायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, चोवीस तास पाणी. माझा संशय अशा हवेत नुसता वाढला नाही, गब्बर झाला. जो चोवीस तास पाणी म्हणतो तो चोर, जो लॉन हिरवं ठेवतो तो चोर, आणि बहुतेक वेळा हे खरंही निघायचं. अडचण तीच होती.

टँकरच्या रांगेत मला धुरपताबाई भेटली. धनगराघरची बाई. मेंढरं आदल्या वर्षी बाजारात गेलेली, नवरा गवंड्याच्या हाताखाली, आणि ती स्वतः सडकेला कामाला जायची. सडकेला कुठं, ते मी विचारलं नाही. ती रांगेत उभी राहून गुणगुणायची. हंडा कमरेवर, पदर दातात, आणि पदराआडून येणारा तो आवाज.

मेंढरं गेली वं बाजाराला,
काठी उभी माझी दाराला.

शब्द कुणालाही सुचतील असे, पण चाल! वर चढताना ती सरळ चढायचीच नाही. एका पायरीवर थांबायची, मागं वळून बघितल्यासारखी, आणि मग दोन पायऱ्या एकदम. अशी चाल मी ना जयंतीत ऐकली होती ना रेडिओवर. माझ्या डोळ्यांपुढं माळ आला, कळप आला, सूर्य बुडाला, शतकं उलटली. मी मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतलं आणि विचारलं, "मावशी, ही तुमच्या लोकांची जुनी चाल ना?"

"व्हय व्हय. तू त्यो हंडा सरकव आधी."

झालं. त्या चालीवर मी मोर्चाचं गाणं लिहिलं. पुस्तिकेत कंसात छापलं, 'चाल: धनगरी, पारंपरिक'. छापताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता. या वेळी मूळ आपल्या हातात होतं.

दौलताबादच्या रस्त्याला एक बगिच्याचं हॉटेल नवीन निघालं होतं. वेरूळहून परतणारे पर्यटक तिथं थांबत. आत हिरवंगार लॉन, मधे कारंजं, कारंज्यात रंगीत दिवे. आमच्या गल्लीत आठवड्याला एक टँकर, तिथं दिवसाला दोन. आम्ही दर शनिवारी संध्याकाळी पत्रकं घेऊन गेटवर उभ्या राहायचो. मालक आम्हाला हाकलत नव्हता, चहा पाठवायचा, आणि आम्ही तो परत पाठवायचो.

गेटवर पाटी होती, 'लाइव्ह म्युझिक, सॅन्डी'. आत टोपी घातलेला एक काडीपैलवान गिटार घेऊन गात होता. लग्नात हमखास वाजणारं जुनं गाणं, असं संथ केलेलं की ओळखायला दुसरी ओळ यावी लागली. मी नाक मुरडलं. पहिलं कडवं संपलं. मूळ गाण्यात त्या जागी व्हायोलिन वाजतात. यानं तिथं नुसता आवाज लावला, शब्द नाहीत, आणि आवाज वर चढला, एका पायरीवर थांबला, मागं वळला, आणि मग दोन पायऱ्या एकदम.

आधी अंगावर काटा आला. दुसऱ्या क्षणी डोकं फिरलं.

तो पाणी प्यायला बाजूला आला तेव्हा मी कुंपणाच्या मेंदीवरून हाक मारली. "ओ सॅन्डी! ती मधली चाल कुठून उचलली?"

तो दचकला, मग त्याचा चेहरा उजळला. "आवडली का?"

"मी विचारलं, उचलली कुठून?"

"उचलली नाही मॅडम. बसवली."

मॅनेजरनं त्याला आवाज दिला आणि तो गेला. मला त्या उजळलेल्या चेहऱ्यात निर्लज्जपणा दिसला. चोर कधी उचलली म्हणतो का? बसवली असंच म्हणणार!

घरी येऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा होता, 'पाणीही आमचंच, गाणंही आमचंच? कारंजेवाल्यांनो, आता काय उरलं!' खाली, 'आमच्या एका धनगर भगिनीच्या ओठावरची, पिढ्यान्पिढ्यांची चाल हॉटेलात विकली जाते आहे.' पप्पांनी चष्मा लावून वाचलं.

"बाईला दाखवलं का?"

"तिला वाचता येत नाही."

"मग वाचून दाखवायचं का नाय?"

"पप्पा, वेळ कुठाय?"

त्यांनी चष्मा उतरवून ठेवला. पत्रक वाळूजच्या बसमध्ये वाटलं गेलं, चौकात चिकटलं, मोबाईलवरून मोबाईलवर गेलं. पुढच्या शनिवारी गेटवरची सॅन्डीची पाटी नव्हती. मालक हात जोडून बाहेर आला. "ताई, तुमच्या भावना दुखावल्या. गायकाला आम्ही बंद केलं." आमच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्याच्या पाठीमागं कारंजं उडत होतं, लाल, हिरवं, निळं.

सोमवारी टँकरच्या रांगेत धुरपताबाई समोर येऊन उभी राहिली. हंडा नव्हता. कमरेच्या कनवटीतून तिनं घडी केलेला कागद काढला.

"वाचून घेतलं म्या. हे तू लिवलं?"

"हो मावशी. तुमच्यासाठीच."

"माझ्यासाठी? मला इचारलं व्हतं?"

"अहो, तुमचीच चाल त्या माणसानं..."

"माझी कुठली आली? त्याचीच हाय ती. म्या त्याच हाटेलात भांडी घासते ना! गानं कंचं बी आसू दे, मधी ते येतंच. मागच्या भिताडाआड बसून ऐकू ऐकू पाठ झालं. गोड वाटलं, म्हनून माझे शब्द घातले. त्यात काय गुन्हा झाला?"

"पण तुम्हीच म्हणालात, तुमच्या लोकांची जुनी."

"तू म्हनालीस. म्या हंडा भरत हुते."

रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसलं. धुरपताबाई हसली नाही. ती एक पाऊल पुढं आली.

"मेंढरामागं हिंडनारी म्हंजी काय गं, म्या नवं गानं शिकूच नाय? आज्जीनं म्हनलं तेवढंच म्हनू मरंस्तोवर? आन् त्या पोराचं काय? बोल की. एरवी लई बोलतीस."

सातवीतलं मैदान बरं होतं, तिथं नुसती मीच हास्यास्पद झाले होते. इथं मी पुन्हा नकलेला मूळ समजले होते आणि मुळाला चोर. पण हे नुसतं चुकणं नव्हतं. गरीब बाईच्या तोंडी गोड चाल आली म्हणजे ती हजार वर्षांची असणार, आणि हॉटेलात गिटार घेऊन बसलाय म्हणजे तो उचल्या असणार, हे मी ऐकण्याच्या आधीच ठरवून टाकलं होतं. धुरपताबाईला मी वेरूळच्या भिंतीतली मूर्ती करून ठेवलं होतं. मूर्तीला कुणी विचारत नाही, आज नवीन काय ऐकलंस म्हणून.

सॅन्डीचं नाव संदिपान होतं. हे धुरपताबाईलाच ठाऊक होतं. पुढच्या रविवारी सकाळी आम्ही दोघी वाळूजला गेलो, पत्र्याच्या खोल्यांच्या एका लांब रांगेत. संदिपान कंपनीत ठेक्यावर होता, वैजापूरकडचा. खोलीत दोन सोबती रात्रपाळी करून भिंतीकडं तोंड करून झोपलेले. दारात मला बघून त्यानं आत या म्हटलं नाही.

"आता काय छापलंय?"

छापलं होतंच. मी पिशवीतून दुरुस्तीचं पत्रक काढून दिलं. 'जाहीर माफी', त्याचं पूर्ण नाव, माझं पूर्ण नाव. त्यानं उभ्याउभ्या वाचलं आणि परत दिलं.

"हे नका वाटू. पहिल्यानं मी चोर झालो, ह्यानं बिच्चारा होईन. ठेकेदार पहिलंच दाखवून हसतो मला."

"पण चाल तुमची आहे हे लोकांना कळायला पाहिजे."

"पत्रकातून?" तो दाराच्या चौकटीला टेकला. "मालकाला म्हटलं होतं, माझं एक नवं गाणं म्हणतो. तो म्हणाला, ओळखीचं लाव, लोक जेवायला आलेत. मग ओळखीच्या गाण्याच्या मधल्या जागेत आपला तुकडा टाकायचा. आज ह्या गाण्यात, उद्या त्या गाण्यात, तोच तुकडा. वाटायचं, कधीतरी कुणीतरी विचारेल, ते मधलं कुणाचं हो?" त्यानं माझ्याकडं बघितलं. "विचारलं ते तुम्ही."

संदिपान दिवाळीनंतर ठेका संपल्यावर पुण्याकडं गेला. तिकडं गातो का, ठाऊक नाही. माझा संशय अजून शाबूत आहे, उगाच खोटं कशाला बोलू. पण तो आता जागा बदलून बसलाय. पोरांनी कव्हर लावलं की मी मुखडा सोडून देते, कडवं सोडून देते आणि मधल्या जागेला कान लावते. जिथं मूळ गाण्यात वाद्यं असतात आणि हा गाणारा उगाच हुंकारतो, तिथं. कितीदा तरी तिथं काहीच नसतं. कधी एखादं वळण असं येतं की ते त्या गाण्याचं नसतंच. मग मी खाली त्या गाणाऱ्याचं नाव शोधते, त्याची स्वतःची गाणी आहेत का बघते. असतात. शेदोनशे लोकांनी ऐकलेली. अशी माझ्याकडं आता चाळीसेक गाणी जमलीत, आणि त्यांतल्या एकाचीही ओळ मला लग्नात ऐकू येणार नाही. हे चांगलं की वाईट, ते मी अजून ठरवलेलं नाही.

त्या रविवारी दारात आम्ही तिघं तसेच उभे होतो. माझ्या हातात पत्रक, त्याच्या हातात काही नाही. पत्रा तापायला लागला होता. धुरपताबाई सरळ उंबऱ्यावर बसली, घरच्यासारखी.

"पोरा, मधलं तर मला पाठ हाय. त्याच्या आगंमागं बी काय हाय का?"

संदिपान तिच्याकडं बघत राहिला. "आहे ना मावशी. अख्खं गाणं आहे."

"मंग म्हन की."

"हे झोपलेत."

"हळू म्हन."

त्यानं कपाटावरून गिटार उतरवली. तारा न छेडता नुसत्या बोटानं दाबल्या आणि अगदी खालच्या आवाजात सुरू केलं. शब्द कंपनीतले होते, प्रेसमधून पत्रा उचलणाऱ्या हातांचे, त्यात कुठंही माळ नव्हता की मेंढरू नव्हतं. मग ती ओळखीची चढण आली, आणि धुरपताबाईचे ओठ हलले, तिच्या शब्दांनी. त्याला ते दिसलं. तो थांबला नाही, उलट तिथं एक फेरा जास्त घेतला, तिच्यासाठी.

भिंतीकडं तोंड केलेल्यांपैकी एकानं कूस बदलली, डोळे उघडले, ऐकत पडला.

दुसऱ्या कडव्यात चाल एका जागी अशी खाली उतरली की माझे कान टवकारले. हे उतरणं मी आधी ऐकलं होतं. नक्की ऐकलं होतं. कुठं, कुणाच्या गाण्यात, नाव अगदी जिभेवर आलं आणि मी तोंड उघडलं. धुरपताबाईनं मान न वळवता माझ्या मनगटावर हात ठेवला. राखेनं, साबणानं खरखरीत झालेला हात. जोर नव्हता त्यात, पण तो तिथंच राहिला.

गाणं अजून अर्धं बाकी होतं.